पांडवेश्वरचे लिबरेटर : अमेरिकन हवाईदलाच्या ७ व्या ऑपरेशन्स ग्रुपचा इतिहास

रानवाट :

टेक्ससमध्ये ॲबिलीन गावाला लागून डायस नावाचा अमेरिकन हवाईदलाचा तळ आहे. तिथली बी-१ बॉम्बर विमानं ज्या युनिटची, त्याचं नाव ७ वा ऑपरेशन्स ग्रुप. तिकडच्या लोकांना हे नेहमीचं एक युनिट, पण याच ग्रुपने दुसऱ्या महायुद्धाचा बहुतेक सगळा काळ आपल्याकडे काढलाय. कराची, दमदम, पांडवेश्वर, ढाक्याजवळचं कुर्मिटोला, तेजपूर आणि शेवटी खरगपूरकडचं दुधकुंडी. आपल्याकडे हे फारसं कोणाला माहीत नाही, आणि अमेरिकन लोक लिहितात तेव्हा त्यांचं सगळं लक्ष इंग्लंडहून जर्मनीवर जाणाऱ्या बॉम्बरांवर, भारत-ब्रह्मदेशाचा भाग दोन परिच्छेदांत उरकतात. मला मात्र या ग्रुपचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९१८, फ्रान्स. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, तेव्हा टेहळणीसाठी '१ ला आर्मी ऑब्झर्व्हेशन ग्रुप' म्हणून जन्म. मग बंद, परत सुरू, परत बंद. खरा जम बसला १९२८ ला, सॅन दिएगोजवळ रॉकवेल फील्डवर, ७ वा बॉम्बार्डमेंट ग्रुप म्हणून. तिथे कार्ल स्पाट्झ काही काळ कमांडर होते, तेच पुढे स्वतंत्र अमेरिकन हवाईदलाचे पहिले चीफ ऑफ स्टाफ झाले. १९३२ च्या जानेवारीत ॲरिझोनात प्रचंड बर्फ पडून नवाहो आदिवासी अडकले होते, त्यांना याच ग्रुपच्या ११ व्या स्क्वाड्रनने विमानातून अन्न टाकलं आणि त्याबद्दल त्या वर्षीची मॅके ट्रॉफी (अमेरिकन हवाईदलातला मानाचा वार्षिक पुरस्कार) मिळाली. बॉम्बर युनिटला पहिलं नाव मिळालं ते भुकेल्यांना शिधा पोचवल्याबद्दल, हे मला फार आवडतं.

आता १९४१. ग्रुपला फिलिपिन्सला जायचे हुकूम. जमिनीवरची माणसं बोटीने निघाली, आणि ६ डिसेंबरच्या रात्री कॅलिफोर्नियातल्या हॅमिल्टन फील्डवरून बी-१७ विमानं हवाईकडे निघाली. लांबचा पल्ला म्हणून वजन कमी ठेवलेलं, मशीनगनांना गोळ्या नाहीत. ओआहू बेटावरच्या रडारवर सकाळी सातच्या सुमारास मोठा ठिपका दिसला तेव्हा ड्युटीवरच्या लेफ्टनंट टायलरला वाटलं ही आपली येणारी बी-१७ आहेत, काळजी नको, आणि तो ठिपका म्हणजे जपानी विमानांची पहिली लाट होती! म्हणजे पर्ल हार्बरचा इशारा हुकला त्यात या ग्रुपचा नकळत वाटा आहे. एकूण १२ विमानं (सहा या ग्रुपकडची, सहा १९ व्या ग्रुपकडची) बरोबर हल्ल्याच्या मधोमध पोचली. कोणी हिकमच्या हवाईतळावर उतरलं, कोणी हालेइवाच्या छोट्या धावपट्टीवर, एकाने तर काहुकूच्या गोल्फ मैदानावर उतरवलं. कॅप्टन स्वेन्सनचं विमान हिकमवर उतरता उतरता पेटलं आणि मधून दोन तुकडे झाले. त्यातले फ्लाइट सर्जन डॉ. विल्यम शिक मारले गेले.

फिलिपिन्सचा विषय तिथेच संपला. बोटीतली माणसं ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला उतरली, विमानं तुकड्यातुकड्याने जावाला पोचली. जानेवारी-फेब्रुवारी १९४२ मध्ये मालांगजवळच्या सिंगोसारी वगैरे डच तळांवरून बी-१७ आणि एलबी-३० घेऊन (ही बी-२४ लिबरेटर या चार इंजिनी बॉम्बरचीच निर्यातीची आवृत्ती) जपान्यांच्या ताफ्यांवर हल्ले केले. फायटरचं संरक्षण जवळपास नाही, स्पेअर पार्ट नाहीत, माणसं दमलेली. ग्रुप कमांडर मेजर स्टॅन्ली रॉबिन्सन जानेवारीअखेर बालिकपापनच्या मोहिमेत गेले. मार्चमध्ये जावा पडलं. उरलेली मंडळी त्याच महिन्यात कराचीला आली आणि आपला भाग इथून सुरू होतो.

अमेरिकेची दहावी एअर फोर्स नुकतीच उभी राहिलेली, कमांडर जनरल लुईस ब्रेरेटन, तेही जावाहून निसटून आलेले. पहिली मोहीम कुठली असेल? पोर्ट ब्लेअर! जपान्यांनी २३ मार्चला अंदमान घेतलं आणि २-३ एप्रिलच्या रात्री ब्रेरेटन स्वतः विमानात बसून बंदरातल्या जहाजांवर बॉम्ब टाकायला गेले, सोबत मोजून तीनच विमानं. आपल्याला पोर्ट ब्लेअर म्हटलं की सेल्युलर जेल आठवतं, पण दहाव्या एअर फोर्सच्या बॉम्बिंगचा इतिहास तिथून सुरू होतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याआधी मार्चमध्ये याच बी-१७ मधून ब्रह्मदेशात मागवेला सैन्य आणि सामान नेलं आणि परतताना निर्वासित आणले.

मग जूनमध्ये जर्मन सेनापती रोमेलने उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक घेतलं आणि ब्रेरेटनना हुकूम आला की हाताशी असतील ती जड बॉम्बर घेऊन इजिप्तला या. भारतात जवळजवळ काही उरलं नाही. १९४२ च्या शेवटी बी-२४ लिबरेटर यायला लागली, चार स्क्वाड्रन पुन्हा बांधल्या (९, ४३६, ४९२, ४९३) आणि डिसेंबरमध्ये मुख्य ठाणं पांडवेश्वरला आलं. बर्दवान जिल्हा, राणीगंजच्या कोळशाच्या पट्ट्यात. तिथून रंगून एका बाजूने सुमारे १२०० किलोमीटर, बँकॉक १७०० च्या वर, आणि त्यातला मोठा भाग बंगालच्या उपसागरावरून. इंजिन बिघडलं तर खाली पाणी नाहीतर सुंदरबन.

बाकी प्रतिसादांत बोलू, पोस्ट आधीच लांब झालीय.

मेघदूत :

जबरदस्त लिहिलंय. एक बेसिक शंका, ग्रुप, विंग, स्क्वाड्रन यात मोठं कोण आणि "ऑपरेशन्स" ग्रुप असं वेगळं नाव कशाला? आपल्याकडे तर विंग आणि स्क्वाड्रन एवढंच ऐकलंय.

रानवाट :

@मेघदूत, विंग मोठी, तिच्याखाली ग्रुप, ग्रुपखाली स्क्वाड्रन. महायुद्धात लढाईचं मूळ युनिट ग्रुपच होतं, म्हणजे चार स्क्वाड्रन, त्यांची विमानं, त्यांचे लोक, सगळा जीव त्यात. युद्धानंतर प्रत्येक तळावर एक विंग आणि तिच्यात लढणारा ग्रुप, देखभालीचा ग्रुप, दवाखान्याचा ग्रुप अशी मांडणी आली. पुढे १९५२ मध्ये ७ व्या ग्रुपचं अस्तित्व कागदोपत्री संपवलं आणि स्क्वाड्रन थेट विंगच्या हाताखाली गेल्या. १९९१ ला जनरल मॅकपीक हवाईदलाचे चीफ असताना परत जुनी मांडणी आणली, उडणाऱ्या स्क्वाड्रन एकत्र करून ऑपरेशन्स ग्रुप केले आणि त्यांना महायुद्धातल्या ग्रुपांचे नंबर आणि मानसन्मान दिले. सातवा आधी फोर्ट वर्थच्या कार्सवेलला होता, तो तळ बंद झाला म्हणून १ ऑक्टोबर १९९३ पासून डायसला. हे निव्वळ कागदी काम नाही असं मला वाटतं, कारण आज डायसला जी ९ वी बॉम्ब स्क्वाड्रन आहे तीच पांडवेश्वरची ९ वी. नंबर सलग टिकला म्हणून आपल्याला धागा पकडून मागे जाता येतं.

शर्वरी_न :

छान माहिती, पण पांडवेश्वर आणि १९४३ वाचून मला एकच गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४३ म्हणजे बंगालचा दुष्काळ. तीसेक लाख माणसं गेली असा अंदाज दिला जातो. ब्रह्मदेश पडल्यामुळे तिकडून येणारा तांदूळ बंद, जपानी येतील या भीतीने ब्रिटिशांनी किनाऱ्यावरचा तांदूळ आणि होड्या काढून घेतलेल्या, युद्धाच्या खर्चाने महागाई भडकलेली, आणि कलकत्त्याच्या फुटपाथवर लोक फेणासाठी, म्हणजे भाताच्या पेजेसाठी हात पसरत होते. त्याच बंगालमध्ये हे तळ होते, बॉम्ब होते, विमानाचं पेट्रोल होतं, रेल्वेच्या वाघिणी त्यासाठी लागत होत्या. या वैमानिकांना मी दोष देत नाही, कोण कुठला विशीतला मुलगा ओहायोहून आलेला, त्याच्या हातात काय होतं. पण आपण हा इतिहास लिहितो तेव्हा तारेच्या कुंपणाबाहेर काय चाललं होतं तेही त्यात हवं ना.

रानवाट :

@शर्वरीताई, हवंच. आणि तुम्ही रेल्वेचं म्हणालात ते अगदी मर्मावर आहे, कारण या ग्रुपचं सगळं काम म्हणजे समोरच्याची रेल्वे तोडणं. इकडे बंगाल-आसामची रेल्वे युद्धाच्या मालाने घुसमटलेली आणि तिकडे ब्रह्मदेशाची रेल्वे हे लोक मोडत होते. दोन्हीकडे सामान्य माणसाचा तांदूळ मागे राहिला. १९३२ ला नवाहोंना शिधा टाकणारं युनिट १९४३ ला दुष्काळाच्या मधोमध बसलेलं होतं आणि त्यांचं काम वेगळं होतं, हे वाचताना मलाही टोचलं.

कोयनाकाठ :

पॅराशूटमधून पिस्तुलाने जपानी विमान पाडलं तो किस्सा याच ग्रुपचा ना?

रानवाट :

हो, लेफ्टनंट ओवेन बॅगेट. ३१ मार्च १९४३, पांडवेश्वरहून निघालेली बी-२४ ब्रह्मदेशातल्या प्यिनमानाच्या रेल्वे पुलावर चालली होती, जपानी फायटरांनी पेटवली, क्रूने उड्या टाकल्या. जपानी वैमानिक पॅराशूटवरच्या लोकांना गोळ्या घालत होते. बॅगेट मेल्याचं सोंग घेऊन लटकला, एक विमान हळू होत जवळ आलं, कॉकपिट उघडं, आणि याने .४५ पिस्तुलातून चार गोळ्या झाडल्या. विमान खाली गेलं. पुढे तो सिंगापूरला युद्धकैदी होता आणि युद्ध संपेपर्यंत जगला.

शुंगारे :

हा किस्सा मी पण वाचलाय पण जपानी नोंदींशी तो जुळत नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत. सांगणारा एक, आणि दुजोरा म्हणजे कैदेत कोणीतरी सांगितलेली ऐकीव गोष्ट. शिवाय मला यात एक खटकतं, प्रत्येक ठिकाणी याच किस्स्याचा गाजावाजा आणि ज्या पुलासाठी ते विमान गेलं त्या पुलाबद्दल एक ओळ नाही.

रानवाट :

@शुंगारे, मनातलं बोललात. जपानी विमान पडलं का नाही यावर वाद घालत बसायची मला गरज वाटत नाही. बी-२४ पडली, माणसं मेली, उरलेले कैदेत गेले, एवढं पक्कं. आणि पूल हाच खरा विषय आहे, म्हणून जरा विस्ताराने.

ब्रह्मदेशात जपान्यांचं सैन्य आसाम-अराकानच्या सीमेवर, आणि त्यांचं सगळं सामान रंगून बंदरातून एकेरी मीटरगेज रेल्वेने वर मंडालेकडे. जपानी जहाजांवर अमेरिकन आणि ब्रिटिशांचा दाब वाढला तसं सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर भिस्त वाढली. डोंगर, नद्या, त्यामुळे पूलच पूल. मंडालेच्या जरा दक्षिणेला मिंगे नदीवरचा पूल होता, तिथे हे लोक १९४३ भर परत परत जात होते. (टिळक ज्या मंडालेच्या तुरुंगात होते, तेच मंडाले. ही लाइन तेव्हाही होती.) आता विचार करा, पूल रुंदीला जेमतेम काही मीटर, विमान हजारो फुटांवर, बॉम्ब सुटल्यावर वारा घेऊन जाईल तिकडे. नदीत पडला तर फक्त चिखल उडतो. खांबाजवळ पडला तर जपानी आठवड्यात लाकडी ठोकळे लावून गाडी परत सुरू करतात. आणि प्रत्येक खेपेला दहा-दहा माणसांचं एक विमान पणाला. पूर्व भारतातल्या तळांवरून जाणारी छोटी बी-२५ सुद्धा हेच करत होती, ३४१ व्या ग्रुपच्या ४९० व्या स्क्वाड्रनला 'बर्मा ब्रिज बस्टर्स' नाव पडलं. त्यांच्या मेजर अर्डिनने १९४४ च्या पहिल्याच दिवशी मू नदीच्या पुलावर कमी उंचीवरून एकदम नाक वर घेत बॉम्ब सोडला आणि पूल पडला, मग तीच पद्धत झाली. पण चार इंजिनांची लिबरेटर तशी खेळवता येत नाही.

तिला उत्तर मिळालं डिसेंबर १९४४ मध्ये, ॲझॉन बॉम्ब. हजार पौंडी साधा बॉम्ब, शेपटीला हलणारे पंख, रेडिओ रिसीव्हर आणि मागे जळणारा दिवा. वर बसलेला बॉम्बार्डियर तो दिवा बघत काठीने बॉम्ब डावीकडे-उजवीकडे वळवायचा. पुढे-मागे करता येत नसे, फक्त आडवी दिशा. पण लांबलचक अरुंद पुलाला तेवढंच पुरतं! विमान पुलाच्या लांबीच्या दिशेने आलं की आडवी चूक सुधारली म्हणजे काम झालं. ४९३ व्या स्क्वाड्रनने पहिला वापर प्यिनमानाच्याच पुलावर केला, बॅगेटचं विमान ज्यासाठी पडलं होतं त्याच गावाचा पूल. त्यानंतर ब्रह्मदेशातले पूल भराभर पडायला लागले. आज टीव्हीवर स्मार्ट बॉम्ब बघतो त्याचे अगदी सुरुवातीचे युद्धातले प्रयोग बंगालमधून उडणाऱ्या विमानांनी केलेत, आणि ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात तर सोडाच, विमानप्रेमी लोकांच्या बोलण्यातही येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सावली :

पुलांचं वाचून अंगावर काटा आला कारण सयाम-ब्रह्मदेश रेल्वे म्हणजे डेथ रेल्वे. ती बांधायला जपान्यांनी ६० हजारांवर युद्धकैदी लावले, १२ हजारांवर मेले. आणि त्याहून कितीतरी जास्त आशियाई मजूर, त्यात मलायाच्या रबर मळ्यांतले तमिळ मजूर भरपूर. त्यांच्या कबरी नाहीत की नावं नाहीत. क्वाय नदीवरच्या पुलावर बॉम्ब टाकणाऱ्यांत हाच ग्रुप होता का?

रानवाट :

होय सावलीताई, हा ग्रुप आणि ब्रिटिश हवाईदलाच्या लिबरेटर, दोघंही. १९४३ च्या शेवटापासून दोघांची जड बॉम्बर एकाच कमांडखाली होती. पुलाला लागूनच कैद्यांची छावणी होती आणि बॉम्ब तिच्यावरही पडले, कैदी मेले. ज्यांना सोडवायचं तेच खाली. १९ मार्च १९४५ ला थायलंडच्या रेल्वेवर आणि पुलांवर केलेल्या लांब पल्ल्याच्या हल्ल्याबद्दल या ग्रुपला डिस्टिंग्विश्ड युनिट सायटेशन (अख्ख्या युनिटला मिळणारा शौर्यसन्मान) मिळालं, जावानंतरचं दुसरं. मजुरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, माझ्याकडून ते आलं नसतं कारण युनिटच्या इतिहासात ती माणसं येतच नाहीत.

वैनगंगा :

मला एक प्रश्न सगळ्यांना विचारायचाय. जानेवारी १९४४ मध्ये नेताजींनी आझाद हिंदचं मुख्यालय रंगूनला हलवलं. म्हणजे ही विमानं रंगूनवर जायची तेव्हा खाली आपलीच माणसं होती. रंगून शहरात भारतीयांची वस्ती केवढी मोठी होती हे सगळ्यांना माहीतच आहे. मग पांडवेश्वरहून उडालेल्या विमानाच्या बाजूने आपण उभं राहायचं की रंगूनच्या? माझ्या घरात आझाद हिंद सेनेबद्दल आदर लहानपणापासून आहे त्यामुळे हा इतिहास "आपला" म्हणायला मला जड जातं.

शुंगारे :

@वैनगंगा, आणि दुसऱ्या बाजूला कोहिमा-इम्फाळला जपान्यांशी लढणारेसुद्धा आपलेच, मराठा लाइट इन्फन्ट्री इम्फाळच्या लढाईत होती. सांगशाकला ४ थी मराठा होती. त्यांच्यासमोरच्या जपान्यांना दारूगोळा कमी पडला त्याचं एक कारण मागचे तुटलेले पूल आणि रेल्वे. माझ्या मते दोन्हीकडे आपली माणसं होती हेच सरळ सांगावं, बाजू निवडायची सक्ती कशाला.

वैनगंगा :

सांगशाकचं मराठा पलटणीचं माहीत होतं पण त्याचा या पुलांशी संबंध कधी जोडला नव्हता. पटतंय. तरीही १९४३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रंगूनवर जे मोठे हल्ले झाले त्याबद्दल कोणी सांगेल का?

रानवाट :

त्या आठवड्यात मुख्य लक्ष्य होतं रंगूनजवळचा इनसेनचा रेल्वे कारखाना, जिथे इंजिनं दुरुस्त व्हायची. चीनमधून ३०८ व्या ग्रुपची बी-२४ मुद्दाम मागवली, सोबत मस्टँग आणि लाइटनिंग फायटर. जपान्यांची ६४ वी सेंताई समोर होती, ती त्या आघाडीवरची सगळ्यात कसलेली फायटर तुकडी. ग्रुपचं जबर नुकसान झालं. रात्रीच्या मोहिमा, रंगून आणि मौलमीनच्या पाण्यात सुरुंग टाकणं, हेही चालूच होतं.

आणि अजून एक काम ज्याबद्दल कोणी बोलत नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात ही बॉम्बर काही महिने बॉम्ब सोडून पेट्रोल वाहत होती. कुर्मिटोलाहून हिमालयाची पूर्वेची टोकं ओलांडून कुनमिंगला, चीनमधल्या अमेरिकन विमानांसाठी. पेट्रोलने भरलेली लिबरेटर, खाली जंगल-डोंगर, वर पावसाळ्याचे ढग. अशा खेपेला ना लढाईचं नाव ना पेपरात फोटो.

जुना लोहगावकर :

आता माझा मुद्दा. लिबरेटर म्हटल्यावर पुणेकराला बोलावंच लागतं. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाईदलाने आपल्या लिबरेटर कानपूरच्या चकेरीला आणून टाकल्या, लेंड-लीजच्या (अमेरिकेने युद्धापुरती उसनी सामग्री देण्याच्या) करारामुळे त्या वापरायच्या नव्हत्या म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली. १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून चाळीसेक विमानं उभी केली. कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी त्या तशाच अर्धवट दुरुस्त केलेल्या लिबरेटर कानपूरहून बंगलोरला उडवत घेऊन जायचे, तिथे नीट ओव्हरहॉल. त्यातून ५ नंबर स्क्वाड्रन उभी राहिली आणि नंतर ६ नंबर, सागरी टेहळणीची, जी पुण्यात होती. १९६८ पर्यंत वापरल्या! जगात बाकी सगळ्यांनी केव्हाच भंगारात काढल्यावर. आमच्या कॉलनीत त्या स्क्वाड्रनमधून रिटायर झालेले एक काका होते, ते म्हणायचे की लिबरेटरचा आवाज आला की घरातली माणसं ओळखायची. ही अमेरिकन ग्रुपची विमानं नव्हेत, ब्रिटिशांची, पण त्याच आघाडीवर एकत्र लढलेली.

बे एरियाकर :

लोहगावकर काका, तुमची पोस्ट वाचून सांगतो, आज जगात ज्या मोजक्या बी-२४ उरल्यात त्यातल्या बऱ्याच भारतीय हवाईदलाकडून गेलेल्या आहेत. लंडनच्या आरएएफ म्युझियममधली, ॲरिझोनात टूसॉनच्या पिमा म्युझियममधली, दोन्ही आपल्याकडच्या. आणि हॅमिल्टन फील्ड माझ्या घरापासून लांब नाही, नोव्हाटो गावात. तळ बंद झाला, जुन्या हँगरांत आता ऑफिसं आहेत, धावपट्टीचा भाग परत खाडीच्या पाणथळीला दिलाय. ६ डिसेंबरच्या रात्री ती बी-१७ इथूनच निघाली हे मला हा धागा वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

अणुरेणू :

युद्धानंतरचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. जानेवारी १९४६ ला ग्रुप बंद, ऑक्टोबरमध्ये फोर्ट वर्थला परत सुरू, आधी बी-२९ आणि जून १९४८ पासून बी-३६, पंख ७० मीटरचे, सहा प्रोपेलर मागच्या बाजूला. डिसेंबर १९४८ मध्ये यांची एक बी-३६ फोर्ट वर्थहून निघून हवाईला गेली, समुद्रात १० हजार पौंडांचा खोटा बॉम्ब टाकला आणि कुठेही न उतरता परत आली, पस्तीस तासांवर उड्डाण. हवाईच्या रडारला पत्ता लागला नाही. आणि तारीख कुठली, ७ डिसेंबर! बरोबर सात वर्षांनी, तोच ग्रुप, तेच बेट.

दुसरं म्हणजे १३ फेब्रुवारी १९५०. ४३६ व्या स्क्वाड्रनची (पांडवेश्वरचीच) बी-३६ अलास्काहून येताना बर्फाने तीन इंजिनं गेली. त्यांनी अणुबॉम्ब कॅनडाच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात टाकला, आत प्लुटोनियमचा गाभा नव्हता, नुसती स्फोटकं उडाली. १७ जणांनी बर्फात उड्या मारल्या, १२ सापडले. विमान ऑटोपायलटवर समुद्राकडे लावून दिलेलं होतं ते १९५३ मध्ये पार उलट्या दिशेला डोंगरात सापडलं. अमेरिकेने अणुबॉम्ब हरवल्याची ही पहिली घटना. १९५२ ला ग्रुप बंद झाला तो वर आलाच आहे, विंग मात्र चालू राहिली, बी-५२ आल्या. व्हिएतनामवर १८ जून १९६५ ला बी-५२ चा पहिला हल्ला ग्वामहून झाला त्यात ७ वी विंग होती, आणि वाटेतच दोन विमानं एकमेकांवर आदळून ८ जण गेले.

मेघदूत :

हे सगळं एकाच नंबरखाली! बी-१ च्या काळात काय केलं?

रानवाट :

१९९८ च्या डिसेंबरमध्ये इराकवर बी-१ पहिल्यांदा लढाईत उतरली त्यात डायसची माणसं होती. मग अफगाणिस्तान, इराक. २०१४ च्या हिवाळ्यात सीरियातल्या कोबानी शहरात कुर्द लोक वेढ्यात अडकले तेव्हा ९ वी स्क्वाड्रन आळीपाळीने तासन्‌तास वर राहून मदत करत होती. आज ग्रुपमध्ये ९ वी लढाईची आणि २८ वी प्रशिक्षणाची. पुढे डायसला बी-२१ हे नवं बॉम्बर येणार हे ठरलंय, आधी एल्सवर्थच्या तळाला.

शर्वरी_न :

आणि ते जुने तळ? काही शिल्लक आहे का?

रानवाट :

दमदम म्हणजे आजचा कोलकाता विमानतळ. कुर्मिटोला म्हणजे ढाक्याचा आंतरराष्ट्रीय विमानतळ. तेजपूरला आपली सुखोई. पांडवेश्वरपासून जवळचं पानागढ, ते आता अर्जन सिंग तळ, तिथे सी-१३० जे मालवाहू विमानं. दुधकुंडीला आपल्या हवाईदलाची बॉम्बिंग रेंज आहे, कलाईकुंडाच्या विमानांसाठी, आणि २०२३ च्या कोप इंडिया या भारत-अमेरिका हवाई सरावात अमेरिकन बी-१ त्या भागात आल्या होत्या. पांडवेश्वर एकटं सोडून दिलेलं, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. दुर्गापूर-आसनसोलकडे कोणी राहत असेल तर एकदा जाऊन फोटो काढून इथे टाका प्लीज, धावपट्टीचं काय उरलंय ते बघायचंय.

जुना लोहगावकर :

ज्यांना दिल्ली जवळ पडते त्यांनी पालमचं एअर फोर्स म्युझियम बघा, तिथे लिबरेटर आहे. मुलांना घेऊन जा.

बंगालप्रवासी :

@रानवाट, मी नोकरीनिमित्त आसनसोलला असतो. पांडवेश्वर स्टेशन अंडाल-सैंथिया लाइनवर आहे, इथून फार लांब नाही. पाऊस संपला की जातो आणि फोटो टाकतो. कुठल्या बाजूला बघायचं तेवढं व्यनि करा.